कोकरांना दिलेलं घर

पुरानं आमचं नदीकाठचं गाव धुवून नेलं, तवा सरकारनं आमाला धारूरच्या अंगाला मुरमाड माळावर नेऊन वसवलं. नवं गाव म्हणं! झाड न्हाई, सावली न्हाई, नुसत्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. मला ते पहिल्या दिवशीच आवडलं न्हाई, आज बी आवडत न्हाई. आईनं मात्र उंबऱ्याला हळदकुंकू लावलं आन् म्हणली, "असू दे. आपलं हाय."

आमी मेंढरंवाले. निम्मी मेंढरं पुरात गेली. उरलेल्या मेंढ्या हिवाळ्यात व्याल्या, तशी आबानं, म्हंजे माझ्या बापानं, सगळी कोकरं खोलीत घेतली. आमी अंगणात बाजेवर. आमच्यात असंच करतात. माणूस थंडी कशीबशी काढतो, दोन दिसाचं कोकरू न्हाई काढत.

मग तपासणीला साहेब आला. जो घरात राहत न्हाई, त्याचं घर दुसऱ्याला द्यायचं, असा हुकूम होता. गावात सगळ्यांला ठाऊक. शेजाऱ्यानं तर आपल्या रिकाम्या खोलीत घाईघाईनं चूल पेटवून ठिवलती. आन् आमचा आबा? साहेबाला दारात नेऊन कोकरं दाखवली, वर छाती फुगवून म्हणतो, "साहेब, तुमच्या घराचं लई सोनं झालं. एक कोकरू मेलं न्हाई. आमी काय, बाहेरच निजतो."

साहेबानं तेच लिहून घेतलं. मी ओरडले, "आबा, अंगठा देऊ नका!" तर मलाच म्हणतो, "गप बस. खरं बोलायला भ्यायचं कावून?" आन् दिला अंगठा.

घर शेजाऱ्याच्या थोरल्या पोराला मिळालं. गावातलं एक माणूस आमच्या बाजूनं बोललं न्हाई. ज्या बायांच्या चुली आईनं लिंपून दिलत्या, त्या बी दारं लावून बसल्या. मेल्या! आबा कोकरं बाहेर काढता काढता त्या पोराला सांगत होता, "ह्या कोपऱ्यात गळतं बरं का, बाज तिकडं टाक." लोक म्हणतात, लई भला माणूस. असंल. भलेपणा काय छप्पर म्हणून डोक्यावर घ्यायचा हाय का?

तवापासून आमी तेलगावच्या वाटेला पालात. मागल्या साली आई तिथंच गेली. तापात सारखी म्हणायची, "मला घरी न्या."

आबा उठून मेंढरांकडं निघून जायचा. मी एकदा बी त्याला थांब म्हणले न्हाई.