चांदीच्या झाकणांची चोरी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण शहापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी झालेली चोरी आजही जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

बाई एकट्या राहत. इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बायका आरशासमोर पावडर, पिना ठेवायला पैलूदार काचेच्या, चांदीच्या झाकणांच्या बरण्या वापरत. बाईंना त्या जमवायचा नाद होता. कामठी, जबलपूरच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून त्यांनी चाळीसेक बरण्या मिळवल्या होत्या. त्यांतल्या अकरा गेल्या. कपाटाचं कुलूप शाबूत. किल्ली स्वयंपाकघरातल्या डब्यात असायची.

फिर्याद द्यायला त्यांच्या बहिणीचा मुलगा सोबत आला होता. "मोलकरणीला धरा साहेब. घरात दुसरं येतंच कोण?" तो म्हणाला.

मोलकरीण मूळची करडी गावची. महिला शिपाई घेऊन मी दोनदा तिच्या घरी चौकशीला गेलो. दारात गर्दी जमली. बाईंकडचं काम थांबलंच होतं, आठवड्याच्या आत इतर दोन घरचीही सुटली. पण ती डगमगली नाही.

"दहा वर्सं झाले बरण्या पुसून राहिली मी," ती म्हणाली. "मले साऱ्या सारख्याच दिसतेत. खरी चांदी कोन्ती, खोटी कोन्ती, मले काय समजते? बाई म्हनत होत्या, चोरानं तं खऱ्याच बरोबर निवडून नेल्या."

मी परत जाऊन कपाट पाहिलं. उरलेल्या सगळ्या बरण्यांची झाकणं मुलाम्याची. खऱ्या चांदीवर सिंहाचा बारीक छाप असतो, हे बाईंनी दाखवलं. आणखी कोणाला ठाऊक आहे, असं विचारल्यावर त्यांनी कपाटाचं दार लावलं आणि म्हणाल्या, "भाच्यालाच शिकवलं होतं. विम्यासाठी यादी करतो म्हणाला होता."

संशय होता, पुरावा नव्हता. तो मिळाला मोहाडीच्या आठवडी बाजारात. बंदोबस्तावरच्या आमच्या हवालदाराचा फोन आला. "साहेब, इथं चहावाली बाई ज्यातून साखर घेऊन राहिली, ते भांडं मले आपल्या गुन्ह्यातलं वाटते."

चहावालीनं सरळ सांगितलं, "इथला बाजारातला सोनार फेकून देत होता, मी मागून घेतली. वजनदार आहे, वाऱ्यानं पडत नाही."

सोनाराकडे सात झाकणं सापडली. चार वितळवली होती. बाकीच्या बरण्या दुकानामागे पोत्यात होत्या, दोन फुटलेल्या. विकणाऱ्याचं नाव त्यानं सांगितलं. भाचाच.

ठाण्यात मी भाच्यासमोर एक बरणी ठेवली. "अशा काचा कुठेही मिळतात," तो हसून म्हणाला. त्याच्याशी वाद न घालता मी पंचांना आणि बाईंना बोलावलं. बाईंनी एकेक झाकण उचललं आणि न चाचपडता ज्याच्या त्याच्या बरणीवर बसवलं. मी मुद्दाम अदलाबदल करून पाहिली. एकही झाकण दुसऱ्या बरणीवर नीट बसेना. चौथ्या झाकणाला भाच्यानं मान खाली घातली. "मावशी, बस कर."

बाई थांबल्या नाहीत. सातही झाकणं बसवूनच उठल्या.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्या झाकणांचा पंचनामा आणि सोनाराची साक्ष चालली, आणि पुढे भाच्याला शिक्षा झाली.

पण त्याआधी, दोषारोपपत्र पाठवल्यावरही मला चैन पडेना. एका सकाळी गणवेशातच मोलकरणीच्या घरी गेलो, शेजाऱ्यांना बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "या बाईचा काही दोष नाही. खरा चोर हिच्या बोलण्यामुळेच सापडला." बाईही आल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला. "उद्यापासून येशील?"

"येईन," ती म्हणाली. "पण किल्ली आता तुमच्यापाशी ठेवा."

गुन्हा उघडकीला आणणं मला नोकरीनं शिकवलं होतं. संशय चार लोकांसमोर घेतला असेल, तर तो काढायलाही चार लोकांसमोरच जावं लागतं, हे मी त्या अंगणात शिकलो. त्यानंतर प्रत्येक तपासात हे काम मी स्वतः केलं, हाताखालच्या माणसावर सोपवलं नाही.