नानांची मान

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी आजवर फक्त हसलेच आहे. माझा नवरा लग्नांचं शूटिंग करतो आणि मी जळगावात घरीच त्याचं मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओची जोडाजोड, करते. स्क्रीनवर काही विचित्र दिसलं की मला आधी केबल आठवते, मग ग्राफिक कार्ड. देव वगैरे त्याच्यानंतर! पण हे जे झालं, ते केबलचं नव्हतं... म्हणून लिहितेय.

आई गेल्यापासून नाना, म्हणजे माझे वडील, माझ्याकडेच होते. त्यांच्या गोळ्या, त्यांचं बिनतिखटाचं जेवण, दवाखाना — सगळं मीच केलं. हौसेनं केलं. धाकटी बहीण रेखा धुळ्याला. ती सणावाराला यायची आणि नानांचा चेहरा असा फुलायचा की माझ्या जिवाची नुसती लाही लाही व्हायची. "रेखा, तू बारीक झाली का?" अहो, मी चार दिवस तापाने फणफणत होते तेव्हा हे कुणी विचारलं नाही! रोज समोर दिसणाऱ्या माणसाकडे कोण बघतं?

यंदा रेखाने धुळ्यातच, देवपुरात, घर बांधलं आणि खालच्या मजल्यावर नानांसाठी खोली काढली. फोनवर म्हणाली, "अक्का, आता नानांना माझ्याकडे दे." दे म्हणे! कुकर मागावा तसं. मी म्हटलं, थंडीत भरीत पार्टीला या, तेव्हा ठरवू. नाना शेजारीच बसून आमचं बोलणं ऐकत होते.

पार्टी नशिराबादजवळ, माझ्या सासरच्या शेतात झाली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली, ठेचून भरीत केलं, केळीच्या पानांवर लांबलचक पंगत बसली. डाव्या टोकाला मी, उजव्या टोकाला रेखा, मधोमध नाना. एवढी पंगत साध्या फोटोत मावेना, म्हणून नवऱ्याने पॅनोरामा काढला. पॅनोरामात कुणी हललं तर दोन डोकी येतात किंवा नाक लांबतं, म्हणून तो सारखा ओरडत होता, "हलू नका, हलू नका!" नाना तर पुतळ्यासारखे बसले होते. फोटोत ते सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत. हे लक्षात ठेवा.

त्या गर्दीत नानांचं ठरवायचं राहूनच गेलं. दोन दिवसांनी दुपारी मी पार्टीचा व्हिडिओ करायला बसले. पॅनोरामाची पट्टी लांब असते, ती अख्खी दाखवली तर माणसं मुंग्यांएवढी दिसतात. म्हणून आम्ही फोटो मोठा करतो, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते ठरवून देतो, मग स्क्रीन त्यावरून हळूहळू सरकते. मी माझ्यापासून सुरू केलं आणि रेखापाशी संपवलं. प्ले केलं.

स्क्रीन नानांवर आली आणि नानांनी मान वळवली.

रेखाकडे.

मी थांबवलं, तर नाना सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत. प्ले केलं... मान रेखाकडे. एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिली, तर सगळीकडे सरळ. म्हटलं, स्क्रीन तिकडे सरकते म्हणून डोळ्यांना भास होत असेल. मग उलटं केलं, रेखापासून माझ्याकडे. तरी नानांची मान रेखाकडेच, सरकत्या स्क्रीनच्या विरुद्ध! नवऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "काय वळतंय? सरळ तर बसलेत. जा, चहा घे."

भीती वाटली असं खोटं नाही सांगणार. मला राग आला. फोटोतसुद्धा तीच? तिथेही मी नाही? मी तशीच उठले, नानांची बॅग भरली आणि त्यांच्यासमोर आणून ठेवली. "जा नाना, रेखाकडे जा. तुमचा जीव तिकडेच आहे."

नानांनी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू म्हनस तं जास मी," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी रेखाचा नवरा गाडी घेऊन आला. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही. रेखाने मागितला होता म्हणून व्हिडिओचा पेनड्राइव्ह तेवढा बॅगेत टाकला होता.

महिनाभराने रेखाचा फोन आला. आवाज रडवेला. "अक्का, तू व्हिडिओत काय केलंस गं?"

"काय केलं?"

"नाना त्यात मान वळवतात. तुझ्याकडे. मी कितीदा लावला, तुझ्याकडेच बघून राहिलेत. माझ्या नवऱ्याला काहीच दिसत नाही. मी इथे एवढं करते आणि... तू मुद्दाम केलंस ना? मला जळवायला?"

मी तिला माझ्या मुलांची शपथ घेऊन सांगितलं की मला उलटं दिसलं होतं. तिच्या मागून नानांचा आवाज आला, "आन इकडे तो फोन."

"नाना, तुम्ही कुणाकडे बघत होतात?" मी विचारलं.

"फोटो काढनारा जवाई म्हने हालू नका, मी हाललो नही," नाना म्हणाले. "तुम्ही दोन्ही बहिनी भांडत ऱ्हायन्यात. एक म्हने दे, दुसरी म्हने जा. माले कोनी इचारं का, नाना, तुमले कोठे ऱ्हावानं शे?"

मी म्हटलं, "चुकलं नाना. आता विचारते. कुठे राहायचंय तुम्हाला?"

नानांनी फोन रेखाच्या हातात परत दिला.

आम्हा दोघींना एकाच फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी का दिसल्या, ते मला आजही कळलेलं नाही. सॉफ्टवेअर बदललं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. त्या फोननंतर मी तो व्हिडिओ रोज लावते, रेखाही तिकडे लावते. स्क्रीन माझ्यावरून निघते, नानांवरून जाते, रेखापाशी थांबते. नाना आता मान वळवत नाहीत. तिच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही.