पाचव्या घरचा तुकडा

इंदूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या अंबरनाथच्या फ्लॅटच्या गॅलरीत पाय पसरून यजमानांच्या जुन्या लेंग्याची शिवण उसवत बसले होते. फोन त्यांच्या सुनेचा, सुषमाचा, बदलापूरहून. “मावशी, आई गेल्या. सकाळी चहा घेतला, उशीला टेकल्या आणि...” मी “येते” म्हटलं, फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता गुरुवारचं काय? माणूस मंगळवारी गेलेलं आणि ही बया गुरुवारची काळजी करते आहे! सत्तरी आली तरी माझ्यातली ती क्वार्टर्समधली आगाऊ पोरगी काही जागची हलली नाही. पण गुरुवारी इंदूताई मला कापडाचा एक तुकडा देणार होत्या. माझ्या नातीला आठवा लागला होता, तिच्या बाळाच्या गोधडीसाठी तो हवा होता. आणि तो मागायला मी जवळजवळ पन्नास वर्षं उशीर केला होता.

आमचे दोघींचेही नवरे अंबरनाथच्या एकाच कारखान्यात, एकाच खात्यात. क्वार्टर्समध्ये आमची दारं शेजारी शेजारी, आणि दोन दारांच्या मध्ये कपडे वाळत घालायची एक सामाईक दोरी. इंदूताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, बालवाडीत शिकवायच्या. पोरांना ओरडून ओरडून आवाज कायमचा चढलेला, त्यामुळे त्या साखर मागायला आल्या तरी तंबी द्यायला आल्यासारख्या वाटत. मी कोकणातून नवी आलेली, एकवीस वर्षांची, मॅट्रिक पास. म्हणजे जगातलं सगळं मला कळतं, अशी माझी खात्री. दुपारी बालवाडी सुटली की त्या दारात चटई टाकून गोधड्या शिवायच्या. अख्ख्या क्वार्टर्समध्ये कुणाला दिवस गेले की सातव्या महिन्यात जुनी लुगडी घेऊन ती बाई इंदूताईंच्या दारात हजर. प्रत्येक गोधडीतला उरलेला एखादा तुकडा त्या गुंडाळून, दोरा बांधून ट्रंकेत टाकायच्या. “कशाला हो?” विचारलं तर म्हणायच्या, “पोरगं मोठं होऊन शेफारलं की दाखवायला. बघ बाबा, ह्याच्यावर मुतलायस तू.”

त्यांची एक ठरलेली नक्षी होती, त्यांच्या आईकडून आलेली. तिला त्या चौफुली म्हणत. मधे एक चौकोन, त्याच्या चार बाजूंना चार, आणि राहिलेल्या चार कोपऱ्यांत साधं एकरंगी कापड. चार रस्ते येऊन मिळतात तशी दिसते. अशा सहा चौफुल्या जोडल्या की बाळापुरती गोधडी होते. खाली अस्तर, पोटात मऊ जुनेर, आणि मग कडेपासून धावदोरा घालत, फेऱ्या मारत आत आत यायचं. शेवटचा टाका अगदी मधोमध. गाठ वर दिसता कामा नये, बाळाचं बोट अडकतं. कापड निवडायची त्यांची रीत म्हणजे तुकडा गालावर घासून बघायचा. एकदा त्या मला उल्हासनगरला कतरन आणायला घेऊन गेल्या होत्या. शिंपी लोकांच्या दुकानांतून उरलेल्या कापडाची पोती बाहेर ठेवलेली असत, त्याला तिथे कतरन म्हणतात. मी पोत्यात हात घालून चकचकीत गुलाबी नायलॉन वर काढलं. माझं बाळ काय, राजपुत्रच होणार होतं ना! इंदूताईंनी ते गालाला लावलं आणि तिथल्या सिंधी दुकानदाराला म्हणाल्या, “भाऊ, ये बच्चे को देंगे तो बच्चा नाही, भजी होईल.” तो पोट धरून हसला आणि म्हणाला, “दीदी, आप को तो नौकरी पे रखूंगा मैं.” मी फुगून बसले. इंदूताईंना ते कळलंच नाही, किंवा कळून त्यांनी गंमत बघितली.

सातव्या महिन्यात सासूबाई गावाहून आल्या आणि म्हणाल्या, “पाच घरची फडकी आण गो. पाच घरचं अंगाखाली असलं की पोर पाच घरांत वाढतं.” इथे मला थोडं थांबायला हवं... कारण पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट सांगताना सगळं सासूबाईंच्या माथी मारत आले. ते खोटं आहे. सासूबाई पाच घरं म्हणाल्या, बस्स. कुठली पाच, ते मी ठरवलं. इंदूताई बौद्ध. क्वार्टर्समध्ये हे कुणी मोठ्याने बोलत नसे आणि कुणाला माहीत नाही असंही नव्हतं. मी त्यांच्याकडे चहा पीत होते, त्यांच्या हातचं सुकट मागून खात होते आणि स्वतःला फार सुधारलेली समजत होते. पण पहिलं बाळ, त्याच्या अंगाखालचं कापड... तिथे माझी सुधारणा संपली. मी चार घरं फिरले, चार तुकडे गोळा केले. पाचवं दार शेजारचंच होतं. ते टाळून मी माझ्या घरात आले आणि माझा पिवळ्या फुलांचा एक जुना परकर फाडला. त्या दिवशी मी माझ्याच परकराला शेजारीण करून टाकलं.

गोधडी शिवायला मात्र इंदूताईच हव्या होत्या! मॅट्रिक पास बाईला यात काही विसंगती दिसली नाही. मी पाच तुकडे आणि पोटात घालायला सासऱ्यांचं जुनं धोतर घेऊन गेले. बघते तर त्यांनी आधीच एक साडी धुऊन, घडी करून चटईवर ठेवलेली. पांढरी, बारीक निळ्या काठाची, बुद्धवंदनेला नेसायची. धुऊन धुऊन साईसारखी झालेली. म्हणाल्या, “बघ गं शालू, गालाला लावून.” मी लावली नाही. म्हटलं, “पाच घरं भरली हो, इंदूताई.” त्यांनी माझ्या हातातले तुकडे घेतले, एकेक उलटून पाहिला. पिवळ्या फुलांवर येऊन थांबल्या.

“ह्या पाचव्या बाई कोण?”

“त्या... गावाकडच्या आहेत.”

“अस्सं. दोरीवर बघितल्यासारख्या वाटतात.”

एवढंच बोलल्या. दोरी सामाईक होती हे मी विसरले होते. एक दिवसाआड तो परकर त्यांच्या डोळ्यांसमोर वाळत असे. मी मान खाली घालून निघून आले. पंधरा दिवसांनी गोधडी हातात आली. सहाच्या सहा चौफुल्यांच्या मधोमध, अगदी मानाच्या जागी, माझा परकर. सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, “मधलं फडकं कुणाकडचं गो? छान हा.” मी म्हटलं, “एक ओळखीच्या आहेत.”

त्या गोधडीवर माझी रंजू वाढली, तिच्या पाठचा भाऊ वाढला. पुढे आम्ही क्वार्टर्स सोडून अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घेतला, त्या बदलापूरला मुलाकडे गेल्या. येणंजाणं होतं, लग्नं-बारशी होती, एकमेकींची ऑपरेशनं होती. आणि मधे कधीतरी, रंजू कॉलेजात असताना, उंदराने ती गोधडी एका कडेने कुरतडली. शिवायला घेतली, भोकात बोट घातलं, तर आत धोतर नव्हतं. पांढरी साडी होती. निळा काठ घडी करून आत दुमडलेला. मी बराच वेळ तशीच बसून राहिले असं लिहायला छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. कुकरची शिट्टी होत होती. मी उठले, गॅस बंद केला, परत आले आणि ते भोक माझ्या वाकड्यातिकड्या टाक्यांनी शिवून टाकलं. आणि कुणाला काही बोलले नाही. त्यांना तर नाहीच. लाज म्हणावी तर ती वर्षभरात जुनी व्हायला हवी होती. ती झाली नाही, पण मला तिची सवय झाली.

त्या गेल्या त्याच्या आधीच्या रविवारी मी बदलापूरला गेले ती मनाचा हिय्या करूनच. गुडघे दुखत होते, रिक्षा सोसायटीच्या दारापर्यंत नेली. इंदूताई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या, हात बारीक झालेले, आवाज तसाच. इकडचं तिकडचं झालं आणि मी एकदम म्हटलं, “इंदूताई, माझ्या सासऱ्यांचं धोतर कुठं गेलं?”

त्या शेंग सोलायच्या थांबल्यासुद्धा नाहीत. “बालवाडीची फरशी पुसली वर्षभर. पाणी चांगलं ओढायचं.”

“म्हणजे तुम्हाला आठवतंय.”

“तुला कधी कळलं?”

“रंजू कॉलेजात होती तेव्हा.”

“आणि आत्ता विचारतेस? मॅट्रिक ना गं तू?”

मी विचारलं, राग नव्हता का आला? मला वाटलं होतं, त्या काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील आणि मी डोळे पुसून घरी येईन. त्या म्हणाल्या, “आला ना. चांगला आला. म्हणून तर घातली. म्हटलं, घे आता, माझ्याच साडीवर निजव पोरीला. नवी नेसायला वर्ष थांबले मी.” आणि हसल्या, खोकला येईपर्यंत. मी पाणी दिलं. मग मी नातीचं सांगितलं. म्हटलं, गोधडी करायला घेतली आहे, चौफुलीचीच. चार घरं झाली. पाचव्या घरचा तुकडा मला तुमच्याकडचा हवा आहे.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बालवाडीत खोटं बोलणाऱ्या पोराकडे पाहत असत तसं. “का गं? परकर संपले?”

“संपले.”

“बरं. गुरुवारी ये. ट्रंक काढावी लागेल.”

गुरुवारी मी गेले नाही, कशी जाणार. गेलेल्या माणसासाठी बौद्धांत असतं त्या पुण्यानुमोदनाला गेले. पांढऱ्या साड्यांतल्या बायका वंदना म्हणत होत्या, मी मागे भिंतीला टेकून बसले होते. डोक्यात सारखं तेच... मागावा का? मेलेल्याच्या घरी जाऊन चिंधी मागायची? नाहीच मागितला. निघताना सुषमा जिन्यापर्यंत आली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी हातात दिली. “आईंनी सोमवारी ट्रंक काढायला लावली होती. शालूला दे म्हणाल्या. काय आहे माहीत नाही मला.”

रिक्षात उघडली. आत एक छोटीशी गुंडाळी, वर दोरा. दोरा सोडला. पिवळी फुलं. माझाच परकर, पन्नास वर्षांपूर्वी उरलेला तुकडा. पिशवी उलटी करून झटकली. दुसरं काही नव्हतं. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, “आजी, काय हरवलं का?” मी म्हटलं, “नाही रे, सापडलं.” आणि हसायला लागले ते अंबरनाथ येईपर्यंत. त्यांचा तुकडा द्यायचा राहून गेला, की त्यांना द्यायचाच नव्हता, हे मला आता कधीच कळणार नाही. माझा अंदाज विचाराल तर, द्यायचा नव्हता. एकदा दिलेला असताना परत कशाला देतील?

घरी येऊन मी कपाटाच्या वरच्या फळीवरून रंजूची गोधडी काढली. माझे वाकडे टाके ओळखायला चष्मा लागत नाही. ते उसवले, मग इंदूताईंचा धावदोराही फेरी फेरीने उसवला आणि ती पांढरी साडी बाहेर काढली. अर्धी विरली होती, काठाजवळची धड होती. गालाला लावून पाहिली, पन्नास वर्षांनी. मग सहा चौकोन कापले, निळा काठ प्रत्येकात थोडा थोडा येईल असे, आणि नव्या गोधडीच्या सहाही चौफुल्यांच्या मधोमध लावले. धावदोरा माझाच, म्हणजे वाकडा. दोन गाठी वर आल्या होत्या, त्या उसवून परत घातल्या.

बाळ आता पंधरा दिवसांचं आहे, मुलगी झाली. नात परवा गोधडीवर हात फिरवत म्हणाली, “आजी, मधे पांढरं कशाला लावलंस? लगेच मळेल.” मी म्हटलं, मळू दे, धुवायचं. ते इंदूताईंकडचं आहे, आपल्या शेजारच्या. मग तिने गोधडी चाचपली आणि विचारलं, “आणि आत काय घातलंयस?”

“लेंगा,” मी म्हटलं. “आणि एक परकर. माझा.”