विहिरीचं पाणी घेऊन शहरात

गंगापूरहून सकाळच्या जीपनं निघालो, मांडीवर पाच लिटरचा कॅन. आत माझ्या विहिरीचं पाणी. गावात टँकर सुरू झालेला. तळाला थोडं पाणी उरलं होतं ते माझ्याच विहिरीत. पण त्याला औषधाचा (फवारणीच्या विषाला आमच्याकडं औषधच म्हणतात) वास यायचा. मुलगा म्हणे, बुजवून टाकू. ती विहीर मी आणि माझ्या बायकोनं, गिरजानं, खणलेली. तिला जाऊन सात महिने झाले. शहरातल्या एका कॉलेजात असं पाणी साफ करतात, हे कृषी सहायकानं सांगितलं होतं. आपलं सुधारतं का, एवढंच विचारायचं होतं.

शेजारची बाई म्हणाली, "मामा, लेकीला तूप नेता का?"

"पाणी हाय."

"शहरात? उलटी गंगाच म्हणायची. तिथं लोक नळाकडं डोळे लावून बसलेत. जपा, लुटतील."

अख्खी जीप हसली. मीही हसलो, लई दिवसांनी.

वाळूजच्या अलीकडं-पलीकडं मी बाजरी पाहिलेली. आता कारखाने, बिल्डिंगी, प्लॉटच्या पाट्या. उरलेल्या रानात नुसती ढेकळं.

कॉलेजात नसरीन मॅडम भेटल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. एका काचेच्या टाकीत दोन पट्ट्या, त्यांना वायरी. शेजारची टाकी शेणकाल्यासारखी गढूळ.

"यात जिवाणू आहेत. ते विष खातात."

"मग वीज कशाला जाळता?"

"अख्खं विष त्यांना पचत नाही, मरतात बिचारे. आधी विजेनं त्याचे तुकडे पाडायचे."

"कळलं. गिरजाचे दात गेल्यावर मी तिला भाकर दुधात कुस्करून द्यायचो."

"हां बाबा, बस वैसाच."

मग त्यांनी कॅन उचलला, फिरवून पाहिला. "बाबा, ये डिब्बा किसका?"

"औषधाचा. राखेनं तीनदा धुतलाय."

"मग हे पाणी तपासून उपयोग नाही. विष विहिरीचं की कॅनचं, कसं कळणार?"

"आम्ही रानात प्यायचं पाणी यातच नेतो. सगळं गाव नेतं."

त्यांनी कॅन खाली ठेवला. "कधीपासून?"

"पोरगं रांगत होतं तवापासून."

चहा-खारी आली. खारी हातातच राहिली. मी विचारलं, "बायको पोटाच्या दुखण्यानं गेली. ह्यानंच का?"

"आता सांगता येणार नाही, बाबा. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी काचेच्या दोन बाटल्या दिल्या, पाणी यात भरून आणा म्हणाल्या. विहीर तोवर बुजवू नका, पण पिऊही नका.

गावी आलो तो घरोघर फिरलो. धुतलेले कॅन मीच वाटलेले, कुणाकडं किती ते मला पाठ. विळ्याच्या टोकानं एकेकाला भोक पाडलं. शेजारची म्हातारी ओरडली, "चांगले डबे भोसकतोस, येडा झाला का रं?"

"व्हय, झालो. दुसरा आण."

गिरजा एकदा रानात म्हणाली होती, पाणी कडू लागतंय. मी म्हणालो, तुझ्या जिभेलाच चव नाय. आणि तिच्यासमोर उरलेलं सगळं पाणी पिऊन दाखवलं. मला काही झालं नाही.