पदर मागून येतो

खाणीच्या ऑफिसात बी.ए. झालेला कारकून मी एकटाच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. मॅनेजरसाहेबांनी मला गोल्फसाठी निवडलं तेही त्याचमुळे. त्यांच्या जोडीला खेळणारे इंजिनियर बदलून गेले होते आणि थंडीत शेजारच्या खाणीशी जोडीचा सामना ठरला होता. "तू पढालिखा आहेस, शिकशील," साहेब म्हणाले. सामना खेळलास तर क्लबचा मेंबर करून घेऊ, असंही म्हणाले.

मेंबर होणं म्हणजे काय ते सांगायला हवं. क्लबला व्हरांडा होता, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. सहीची फाइल शिपाई आत नेई; आम्ही कारकून पायरीखाली उभे. मला त्यांतल्या एका खुर्चीवर बसायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आम्ही गोल्फ खेळायचो तो चांद्याजवळचा माळ म्हणजे नुसता मुरूम. गवताचं नाव नाही. भोकाभोवती तेल शिंपडून दाबलेली वाळू. दिवसभर हजेरीपटावर मान मोडून पाच वाजता तिथं उभं राहायचं. महिनाभरात अंग आंबून गेलं. मी नुसत्या हातांनी चेंडू हाणायचो आणि तो उजवीकडे बाभळींत जायचा. शोधून आणायचा, पुन्हा हाणायचा, पुन्हा बाभळी. साहेब वैतागून ओरडायचे, "अरे बाबू, पाय गाडलेत का जमिनीत? कमर घुमाओ!"

कंबर फिरत नव्हती त्याला कारण होतं. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर दंडार उभी राहायची. गाणी, सोंगं, नाच, आणि बाईचं काम पुरुषानंच करायचं. आमच्याकडे ते काम माझा बाप करायचा. तो लुगडं नेसून फिरला की शेजारच्या गावांतली माणसंही धान कापायचं टाकून यायची. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं माझ्यापुढं कंबर हलवायची. तेव्हापासून मी बांबूसारखा ताठ चालायला शिकलो. पदवी मिळाल्यावर आणखीच ताठ झालो.

सामन्याला पंधरा दिवस उरले असताना बा नवे तांदूळ घेऊन आला. त्या रविवारी मी क्वार्टरमागं काठी फिरवत होतो. तो दारात बसून बघत होता.

"काऊन रे, कंबरेखाली मेला का तू?"

"बा, हा साहेब लोकांचा खेळ आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"खेळ नाई कळत. फिरणं कळते." तो उठला, धोतर सावरून माझ्याजवळ आला. "हातानं काऊन ओढून राह्यला? पयले डावी टाच टेक. मंग कंबर जाऊ दे. हात मांगून येते आपोआप. गिरकी घेतली का पदर सगळ्यात मांगून येते का नाई? पदर पुढं धावला तर लुगडं पायात अडकते, अन् माणूस पडते तोंडावर."

आणि साठीचा माणूस तिथंच गर्रकन फिरला. भिंतीपलीकडून शेजारीण हसली. मी बाला आत चला म्हणालो. तो नाही आला. "पुन्हा फिर," म्हणाला. मान खाली घालून फिरलो. दहा वेळा, वीस वेळा. अखेर टाच आधी टेकली, कंबर तिच्यामागं गेली आणि काठी हवेत सणसणली. इतक्या दिवसांत तो आवाज माझ्या हातून पहिल्यांदा आला होता.

सोमवारी माळावर चेंडू सरळ गेला. दुसराही. साहेबांनी टोपी काढली. "किसने सिखाया?"

खोटं बोलता आलं असतं. पण सरळ सांगितलं, माझ्या वडिलांनी. ते दंडारीत बाईचं काम करतात. साहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "वा! शनिवारी पाहुणे आहेत. घेऊन ये त्यांना क्लबवर, व्हरांड्यात नाचतील थोडं."

मी म्हणालो, "आधी त्यांना खुर्चीवर बसवणार असाल तर आणतो."

साहेबांनी माझ्या हातातली काठी घेतली, पिशवीत ठेवली आणि ते चालू लागले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता माझ्याऐवजी स्टोअरच्या कारकुनाला माळावर बोलावणं आलं.

घरी येऊन खाटेवर पडलो. बाला सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवेल.

"मले विचारलं का तू?" बा म्हणाला.

"तुमच्या मानासाठीच बोललो, बा."

"नाचणारा कधी खुर्चीत बसते का रे? मी गेलो असतो. नाचलो असतो. साहेबाले दाखवलं असतं फिरणं कसं अस्ते ते." तांदळातले खडे निवडता निवडता तो थांबला. "लाज तुले वाटून राह्यली, अन् नाव माहं सांगतलं."

मेंबर मी पुढं कधी झालो नाही. एवढं शिकून त्या एका वाक्याला उत्तर द्यायला मला अजून जमलेलं नाही, आणि आता बा राहिला नाही.