खणातली चिठ्ठी

बसवराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरग्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात होतो. तालमीत पोरांना डाव दाखवता दाखवता तो खाली बसला आणि उठलाच नाही. वय एक्केचाळीस... फोन ठेवला आणि माझा हात आपोआप काउंटरखालच्या खणाकडं गेला. तिथं त्याची डॉक्टरांची चिठ्ठी होती.

बसवराज माझा शाळेपासूनचा मित्र. लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्याला आणि बायकोला, सुनंदाला, मूल नव्हतं, तेव्हा तो गुपचूप सोलापूरला जाऊन तपासून आला. दोष त्याच्यातच निघाला. डॉक्टरांनी क्लोमिफिन दिलं. या गोळ्या सहसा बायकांना देतात, कधीकधी पुरुषांनाही. दुपारी मी शटर अर्धं ओढून जेवायला बसलो की हा आडदांड गडी वाकून आत यायचा आणि काउंटरवर दोन बोटं टेकवायचा. म्हणजे दोन पट्ट्या. गोळीचं नाव त्यानं कधी तोंडातून काढलं नाही. "चिठ्ठी तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे. सुनंदाला कळाय नगं," एवढंच म्हणायचा.

स्टेरॉइड घेणारे नंतर शरीर सावरायला हेच औषध घेतात, म्हणून खेळाडूंना ते बंद आहे. त्याला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं. कुस्तीच्या एका मोठ्या स्पर्धेत त्याच्या लघवीत ते सापडलं आणि बंदी आली. "चिठ्ठी दाखव, शिक्षा कमी तरी होईल," मी विनवलं. "ब्याड ब्याड," तो कन्नडमध्ये नको नको म्हणाला. "लोक चोर म्हनू देत. पर हे सांगायचं न्हाय."

मी मूग गिळून बसलो. इकडं सासूनं सुनंदाला सोळा सोमवार धरायला लावले, गल्लीतल्या डोहाळजेवणांना तिला कुणी बोलवेना. ती डोकेदुखीची गोळी न्यायला यायची तेव्हा मी मान खाली घालून पुडी बांधायचो. त्याची मला आजही लाज वाटते.

तेराव्यानंतर ती दुकानात आली. बसवराजच्या ट्रंकेत, लंगोटाच्या घडीत, तिला एक रिकामी पट्टी सापडली होती. "भाऊजी, हे कशाचं औषध?" "मूल व्हायसाठीचं," म्हणत मी चिठ्ठी पुढं केली. तिनं वरचं बसवराजचं नाव दोनदा वाचलं.

"म्हंजी दोष माज्यात नव्हता."

"न्हाय."

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "पेपरात लिहा, भाऊजी. त्यांना चोर म्हनत्यात, तेवढं तरी पुसू दे." स्वतःबद्दल ती काहीच बोलली नाही. चिठ्ठी पदरात बांधून घेऊन गेली.

तिच्या सांगण्यावरून हे लिहिलं. खण आता रिकामा आहे. दुपारी शटर अर्धं ओढून मी डबा उघडतो आणि काउंटरवर कुणीतरी दोन बोटं टेकवल्याचा आवाज येतो. मी मान वर करत नाही.