लिंबोणीचं पाणी

अंबडला आमच्या शेजारी एक बाई राहत. दुष्काळाच्या साली त्यांचा आवाज कायम चढलेला असे. राखेनं घासलेली भांडी त्या डाळ धुतलेल्या पाण्यात विसळत आणि तेच पाणी अंगणातल्या लिंबोणीला घालत. पाहुण्यांनीही लिंबोणीपाशीच पाय धुवायचे, असा त्यांचा दंडक.

एकदा जावई आले आणि त्यांनी भरला तांब्या रस्त्यावरच पायांवर ओतला.

"जावईबापू, हंडाभर पाण्यासाठी मी पहाटेपासून विहिरीवर उभी होते. झाडापाशी धुतले असते तर पाय झिजले असते का?"

जावई न जेवताच स्टँडकडे निघाले. बाईंनी अडवलं नाही. मी ओट्यावरून बघत होतो, तर माझ्यावरच उखडल्या.

"काय बघून राह्यले? तुमच्या मोरीचं पाणी कुठं चाललंय, ते बघा आधी."